सांधणारी धमनी

मृणालची फाटलेली महाधमनी काढून डॉक्टर ताम्हनकरांनी तिच्या छातीत कापली तरी स्वतःला आपोआप सांधणारी नवी धमनी बसवली होती. ही आता मरत नाही हे कळल्यावर तिचा नवरा दिगंबर राग आला की बेधडक सुरी चालवू लागला. ती तक्रार घेऊन गेली की पोलीस विचारत, "जिवंत आहेस ना?"

आज मृणालने उलट वार केला. दिगंबरची धमनी साधीच होती. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी रक्ताने माखलेली मृणाल आडवी आली.

"डॉक्टर, वाचवा त्याला. माझ्यासारखीच धमनी बसवा."

ताम्हनकर चकित झाले. "अजून एवढी माया?"

"माया कसली? माझे वार अजून बाकी आहेत."

ताम्हनकरांनी धमनी बसवली. दिगंबरने डोळे उघडले तेव्हा मृणाल उशाशी बसली होती.