आपोआप बंद

दुरुस्तीवाल्याने ओव्हनची जाळी, बटणं, वायर सगळं तपासलं. दोन मिनिटांचा टायमर लावून पाहिला. वेळ झाली, टिंग वाजलं आणि ओव्हन आपोआप बंद झाला.

"मावशी, ओव्हन अगदी ठणठणीत आहे. तुमची तक्रार काय होती?"

"हीच. आपोआप बंद होतो."

तो हसला. "अहो, टायमर त्यासाठीच तर असतो. तुम्ही विसरलात तरी काळजी नाही."

"लेकही हेच म्हणाली. वरच्याच मजल्यावर राहते. तिनेच आणून दिला, आणि गॅस काढून नेला. तेवढं बंद होणं काढून टाकता येईल का?"

"मग सगळं करपेल ना, मावशी!"

मावशी कोरडाच ओटा पुन्हा पुसू लागल्या.

"पहिल्यांदा मी खरंच विसरले होते. करपल्याचा वास वर गेला, तशी ती धावत खाली आली. तोंडाचा पट्टा सुरूच. खिडक्या उघडल्या, पातेलं खरवडून घासलं आणि दमली म्हणून इथेच बसली. चहा प्यायली, तासभर बोलली. मग काय, आठवड्यातून एकदा तरी काहीतरी करपायचंच."

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. मावशींनी मान वर केली आणि पावलं दूर जाईपर्यंत ऐकत राहिल्या.

"आता दोन महिने झाले," त्या म्हणाल्या, "काहीच करपलं नाही."