पंचेचाळीस टक्के

“पन्नास नको. पन्नास म्हटलं की आपल्याला काही कळत नाही असा अर्थ होतो,” चष्मेवाला म्हणाला आणि गच्चीवरच्या बाकीच्यांनी माना डोलावल्या.

हवामानप्रेमी मंडळाची बैठक भर दुपारी पत्र्याच्या सावलीत चालली होती. समोर, नदीच्या पलीकडे, ढगांची उतरंड चढत होती. संध्याकाळच्या आत विजांसह वळीव येणार का, आणि येण्याची शक्यता किती टक्के, एवढाच प्रश्न होता. दंतवैद्य साठावर अडून बसले होते. चष्मेवाला चाळिसाच्या वर सरकायला तयार नव्हता. निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांच्या मते त्यांच्या गुडघ्याइतकं अचूक यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही, ते दोघांनाही पाच-पाच टक्के सोडायचा आग्रह करत होते. भाजीच्या गाडीवर याहून निराळं काही होत नाही. फक्त तिथे निदान भाजी तरी समोर असते.

अध्यक्षांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. ते भूगोलाचे जुने शिक्षक, घर त्यांचं, गच्ची त्यांची, त्यामुळे शेवटचा शब्दही त्यांचाच असे.

त्यांची मुलगी हातात फोन घेऊन जिन्याच्या दारात उभी होती. तिचा नवरा त्या वेळी नदीपलीकडच्या बांधकामावर, क्रेनच्या केबिनमध्ये, तयार झालेल्या सगळ्या मजल्यांच्याही वर बसला होता. तोही मंडळाचा सभासद. सासऱ्यांचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ. त्याने मुकादमाला ढग दाखवले, तर मुकादम म्हणाला, स्लॅबचं काम मध्येच सोडायचं असेल तर तुमच्या मंडळाचा पन्नासच्या वरचा आकडा आण, लगेच क्रेन थांबवतो. हे तो कुचेष्टेने बोलला होता. गेल्या आठवड्यात मंडळाने सत्तर टक्के सांगितले, मुकादमाने काम बंद ठेवलं आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं. तेव्हापासून अध्यक्ष रस्त्याने चालले की बांधकामावरचे लोक भर उन्हात छत्री उघडल्याची नक्कल करत. अध्यक्षांना ते फार लागलं होतं.

“बाबा, तो विचारतोय, उतरू का?” मुलीने पुन्हा सांगितलं.

अध्यक्षांनी हात वर करून तिला थांबवलं, वर्गात मध्येच बोलणाऱ्या पोरीला थांबवावं तसं.

दंतवैद्यांनी तिची समजूत काढायला घेतली. केबिन लोखंडी असते, वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरते, आत बसलेल्याला सहसा काही होत नाही, खरा धोका शिडीवर. आणि वाऱ्याचं काय, असं तिने विचारलं. वाऱ्यात मात्र वर थांबणं बरं नाही, ते म्हणाले. म्हणजे उतरायचं तर आत्ताच उतरायला हवं, हे बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं. पण साठाचे पासष्ट काही त्यांनी केले नाहीत. मंडळात एकदा आकडा सांगितला की तो वाढवणं कमीपणाचं मानत.

पोस्टमास्तरांनी सरासरी काढली. ती नेमकी पन्नास आली. सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, ढगांकडे पाहिलं, आणि मग नदीपलीकडच्या त्या बांधकामाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

“पंचेचाळीस लिहा,” ते म्हणाले. “चुकलो तरी फार चुकणार नाही.”

मुलीच्या डोक्यात तिडीक गेली. लहानपणापासून तिने या गच्चीवर चहा आणून दिला होता, आकडे ऐकले होते आणि एकदाही ती तोंड वर करून बोलली नव्हती.

“कोण फार चुकणार नाही, बाबा?” ती म्हणाली. “पंचेचाळीस टक्के नवरा खाली येत नसतो. तो येतो नाहीतर येत नाही.”

अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं की अंदाज भावनेच्या भरात द्यायचा नसतो, घरचं माणूस मध्ये आणून तर मुळीच नाही, आणि मंडळाचं काही नाव आहे. त्यांचा आवाज मऊ होता. तिला त्या मऊपणाचाच जास्त राग आला. लोकांनी आपल्याला हसू नये म्हणून जावयाला वर टांगून ठेवायचं, आणि त्याला शास्त्र म्हणायचं.

तेवढ्यात वारा फिरला. गार झोत आला, पत्रा थडथडला, पोस्टमास्तरांचे कागद कठड्यापर्यंत पळाले. चौघेही उठले. टक्क्यांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. दंतवैद्यांनी भिंतीवरचा वायुभारमापक काढून छातीशी धरला, चष्मेवाला कागदांमागे धावला, पोस्टमास्तर दुखरा गुडघा विसरून जिन्याकडे निघाले. अध्यक्षांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक बसवल्या आणि चळत उचलून दाराशी आले.

“जरा सरक,” ते मुलीला म्हणाले.

ती सरकली. फोन वाजला. पलीकडे वाऱ्याचा घोंगाट होता आणि त्यातून नवरा ओरडून विचारत होता, बाबांनी आकडा किती सांगितला, मुकादम खाली थांबलाय.

“बाबांनी खुर्च्या आत नेल्या,” ती म्हणाली. “मुकादमाला एवढंच सांग, आणि उतर.”