उतारावरची जीप

"मार, मार, आता धर," जीपच्या चाकापाशी आडवी पडलेली शेवंती म्हणाली आणि तिच्या सासूने, अंजनाबाईने, ब्रेकचं पेडल दाबून धरलं.

चाकामागच्या नळीतून आधी फसफसत हवा आली, मग स्वच्छ तेलाची धार. शेवंतीने पान्याने नट आवळला आणि पेडल सोडायला सांगितलं. सत्तरी ओलांडलेली अंजनाबाई आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसली होती. तिथून उठायची तिला मुळीच घाई नव्हती. चौथ्या चाकापर्यंत तिचा पाय जाळं ओढल्यासारखा लयीत पडू लागला होता.

माहुलच्या बंदरावर त्या सकाळी सगळ्यांचं लक्ष या दोघींकडे होतं. जीप जुनी, पण चारही चाकांनी ओढणारी. जिथे दुसरी गाडी रुतते, त्या चिखलात ती होडीपर्यंत जायची आणि म्हावऱ्याच्या टोपल्या घेऊन वर चढायची. चढायची झकास, फक्त उतरताना थांबायची नाही. काल ती शेवंतीला घेऊन थेट पाण्याकडे निघाली होती. तेव्हापासून लहू, शेवंतीचा नवरा, एकच वाक्य बोलत होता. मला बायको पाहिजे, जीप नको. भंगारवाल्या सीतारामला त्याने टेम्पो घेऊन बोलावलंसुद्धा होतं. दुपारच्या भरतीला होडी येईल, तोवर ब्रेक लागले तर ठीक, नाहीतर सीताराम जीपला दोर बांधेल, असं ठरलं होतं.

शेवंतीने मोबाइलवर पाहून पाहून चारही चाकं उघडली होती. ब्रेकच्या जुन्या पट्ट्या, म्हणजे लायनर, झिजून रिबिटं उघडी पडली होती. तिने दर चाकाला दोन असे आठ नवे बसवले. आता हवाही निघाली.

सासूला खाली उतरवून तिने जीप उतारावर आणली, गिअर काढला आणि ब्रेक दाबला. जीप जरा अडखळली आणि निघाली. पोरं बाजूला पळाली. शेवंतीने स्टिअरिंग फिरवून गाडी कडेच्या तिवरांत घातली, तेव्हा कुठे चाकं चिखलात बसली.

सीताराम दोर उलगडू लागला. लहू खाली गेला आणि बायकोला हात देऊ लागला. तिने तो घेतलाच नाही. चारही चाकांचा गिअर टाकून तिने जीप मागे मागे वर आणली, चाकांना दगड लावले आणि पहिलं चाक पुन्हा उघडलं.

नव्या लायनरवरून तिने बोट फिरवलं. बोट तेलकट झालं. आत नळीतून तेल गळतंय म्हणावं, तर नळी कोरडी. दुसऱ्या चाकातही तेच. मोबाइलवर बघून ब्रेक झाले असते तर गॅरेजवाले उपाशी मेले असते, असं लहू सीतारामला म्हणाला, पण शेवंतीला ऐकू जाईल असं. तिचा चेहरा उतरला. माझंच कायतरी चुकलं, असं ती पुटपुटली.

अंजनाबाईने ते बोट पाहिलं आणि पुढे होऊन स्वतःही लायनरवरून बोट फिरवलं.

सकाळी सून ब्रेकचं तेल आणायला नाक्यावर गेली होती, तेव्हा नवे लायनर गोणपाटावर मांडलेले होते. बंदरावर आलेलं नवं लोखंड कोरडं ठेवायचं नाही, खारी हवा त्याला खाते, हे अंजनाबाई लग्न होऊन आली त्या आठवड्यात शिकली होती. नांगर, साखळी, कप्पी, सगळ्याला ती पन्नास वर्षं तेल लावत आली. तसंच तिने यांनाही मायेने लावलं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

सीतारामचा दोर जीपच्या आकड्यापर्यंत पोचला होता.

"तेल मी लावलंय," ती म्हणाली.

शेवंतीने मान वर केली. "सगळ्यांना?"

"आठांनाही. कोपरेसुद्धा सोडले नाय."

शेवंती तिथेच फतकल मारून हसत सुटली. "आये, हे घासलं तरच गाडी थांबते. तू तर त्याला लोणी लावलंस."

मग एकच धांदल उडाली. कोणी पेट्रोल आणलं, कोणी पॉलिश पेपर. आठही लायनर पुन्हा बाहेर निघाले. अंजनाबाई पदर खोचून घासायला बसली. नखाला तेल लागायचं थांबेपर्यंत ती एकही हातावेगळा करीना. थोड्या वेळाने लहूही पेपर घेऊन शेजारी येऊन बसला. सीतारामने दोर खाली ठेवला आणि जॅक फिरवायला घेतला. खाडीच्या तोंडाशी होडीचं लाल निशाण दिसू लागलं तेव्हा शेवटचं चाक बसत होतं.

शेवंतीने जीप पुन्हा उतारावर आणली. गिअर काढला. ब्रेक दाबला. जीप हिसका देऊन जागच्या जागी उभी राहिली. बंदरावर शिट्ट्या वाजल्या.

लहूचं समाधान होईना. आत्ता थांबली, घटकाभराने सुटली तर, असं म्हणत तो चाकाखाली घालायला दगड शोधू लागला.

अंजनाबाई त्याच्या शेजारून उतार उतरली. जीपच्या नाकापुढे, हाताच्या अंतरावर, ती जीपकडे पाठ करून पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. गाडीत शेवंतीने दोन्ही पायांनी पेडल दाबून धरलं.

"आये, बाजूला हो," लहू ओरडला.

होडी आता इतकी जवळ आली होती की वरची माणसं ओळखू येत होती. अंजनाबाईने मागे न बघता एक हात पाठीमागे लहूकडे केला.

"टोपली दे."