शेजारचा वाफा

"ही तिसरी रेघ बघा अण्णा," गिरीराजनं लॅपटॉप वडिलांकडे वळवला. "दहा वर्षं झाली, खाली यायचं नाव नाही."

कृष्णाजींनी चष्मा नीट बसवला. रविवारची सकाळ होती, टेबलावर उप्पिटाच्या ताटल्या तशाच होत्या. कुठला मोबाईल गेम वर्षानुवर्षं कसा पैसा कमावतो, ते गिरीराजला उद्या मारतहळ्ळीच्या ऑफिसात साहेबांना दाखवायचं होतं. पहिला गेम एकदाच विकत घ्यायचा, त्याची रेघ उंच जाऊन बदकन खाली आली होती. दुसऱ्याची दर वर्षी नवी आवृत्ती यायची, तिची रेघ करवतीच्या दातांसारखी. तिसरा फुकट होता. बागेचा.

"फुकट आहे, तर कमावतो कशावर?"

"लोक सोडून जात नाहीत, त्यावर. खत, कुंपण, असं करून महिन्याला एकोणनव्वद रुपये. कुणाला जाणवतसुद्धा नाहीत."

कृष्णाजींना जाणवत होते. बायको, तानूबाई, गेल्यापासून चार महिने, तिच्या फोनवरून, तेच भरत होते. तो फोन बंद करून कपाटात ठेवलाय, असं घरात सगळे समजत होते.

"आणि सोडून का जात नाहीत?"

"शेजारी असतो ना. आपल्या वाफ्याला लागून त्याचा वाफा. तो रोज आपल्या झाडांना पाणी घालतो, फूल पाठवतो. मग आपल्याला लाज वाटते, आपणही जातो."

"तो शेजारी कोण असतो?"

"खरा माणूस मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर कंपनीच एक बनवून बसवते."

"म्हणजे माणूसच नाही?"

"कोण बघायला जातंय अण्णा!"

सून रंजिता ताटल्या उचलत हसली. "मामा, एवढं खोदून विचारताय. यांच्या ऑफिसात नोकरी धरताय की काय?"

कृष्णाजी हसले नाहीत. खोलीत जाऊन त्यांनी फोन खिशात घातला, बाल्कनीत आले आणि दार ओढून घेतलं.

तानूबाईच्या बागेशेजारी गोजराची बाग होती. निपाणीकडची बाई, असं तानूबाई सांगायची. दोघी कधी भेटल्या नव्हत्या. बागेतल्या चिठ्ठ्यांवरच चालायचं त्यांचं. गोजराला तानूबाई गेलेली माहीत नव्हतं. कृष्णाजींनी कळवलंच नव्हतं. घरातल्या फोटोला हार घालून झाला होता, रेशनकार्डावरचं नाव कमी करून झालं होतं. तानूबाई अजून आहे असं समजून रोज सकाळी मोगऱ्याचं फूल पाठवणारी जगात ही एकच बाई उरली होती. कृष्णाजी उठायचे, गोजराच्या झाडांना पाणी घालायचे, तिला एक फूल पाठवायचे. एक अक्षर लिहायचे नाहीत. सुरुवातीला ती विचारायची, "जेवलीस का अक्का? बोलत का न्हाईस?" मग तिनं विचारणं सोडलं. फूल मात्र एक दिवस चुकलं नाही.

एक दिवससुद्धा नाही. आता तेच त्यांना खटकलं. माणसाला ताप येतो, लग्नकार्य असतं, दिवे जातात. ही बाई चुकत कशी नाही?

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात अडतीस वर्षं त्यांनी मापं तपासली होती. माल देणारा काय म्हणतो ते ऐकायचं नाही, गेज लावून बघायचा. त्यांनी थोडा विचार केला आणि सावकाश एकेक अक्षर शोधत लिहिलं :

"गोजरा, तू सांगितलेली शेवग्याची हुळी केली. छान झाली."

गोजरानं असली कुठली आमटी कधी सांगितली नव्हती. मशीन असेल तर गोड बोलून मोकळं होईल.

उत्तर येईना. आत गिरीराज उद्याचं भाषण मोठ्यानं म्हणून बघत होता. "सर, एकदा गेलेला माणूस परत आणायला फार खर्च येतो..."

फोन थरथरला.

"हुळी? मी न्हाई सांगितली."

कृष्णाजी वेताच्या मोड्यावर टेकले. तेवढ्यात दुसरी चिठ्ठी आली.

"चार महिन्यांनी बोललीस, ते पण खोटं. खरं सांग, तू तानक्काच हैस का?"

ते उत्तराचं पहिलं अक्षर शोधत होते. तिसरी आली.

"तानक्का आठवड्यातनं दोनदा पाणी घालायचं इसरायची. मग मलाच शिव्या द्यायची, आठवण का केली न्हाईस म्हणून. तू एक दिवस चुकत न्हाईस. रोज साडेपाच म्हणजे साडेपाच. माझा ल्योक म्हणतो, आई, ती बाई केव्हाच सोडून गेली, कंपनीनं तिथं मशीन बसवलंय. तू जाऊ नयेस म्हणून."

आणि लगेच चौथी. त्यात दहा आकडे होते. खाली एवढंच : "माणूस असशील तर फोन लाव."

कृष्णाजींनी नंबर दोनदा चुकीचा लावला. तिसऱ्या वेळी घंटा वाजली. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, कुणी कुणावर कन्नडमध्ये ओरडत होतं.

"हलो," बाई म्हणाली. "तानक्का?"

काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

"हलो," ते म्हणाले.

बाईनं पुरुषाचा आवाज ऐकला. तिकडचं ओरडणं थांबलं, तिनं हातानं थांबवलं असावं. एक दार लागल्याचा आवाज आला.

मग तिनं हळूच विचारलं,

"कवा गेली?"