खांबाखालचा दगड

विजेच्या खांबाच्या बुडाशी शेंदूर फासलेला दगड होता. त्यावर झेंडूचा हार, पुढं अर्धा नारळ, विझलेली उदबत्ती. पाण्याचा तांब्या घेऊन पिंपळाकडं निघालेल्या शालूबाई तिथंच थबकल्या. काल संध्याकाळी इथं काही नव्हतं.

खांबाला शिडी लावून एक माणूस वर चढला होता. मोबाइलची रेंज वाढवणारा डबा खाली खोक्यात पडून होता. कंपनीचा इंजिनिअर अतुल हातात कागद धरून उभा आणि त्याच्यापुढं तालमीचा अध्यक्ष अमरसिंह. खांब त्याच्याच दारासमोर होता.

"पावणं, देवाच्या डोक्यावर मशीन बसवताय व्हय? चाळीस वर्सांचं जागृत ठाणं हाय हे."

"परवा पाहणी केली तेव्हा नव्हतं."

"तुमास्नी दिसलं नसंल. डबा त्या टोकाच्या खांबाला लावा. तिथनं रेंज येती की हितवर."

टोकाचा खांब संघप्रियाच्या खिडकीला लागून होता. आत तिचं दोन महिन्यांचं बाळ निजलं होतं. असल्या डब्यानं लहान पोरांच्या डोक्याला इजा होते, असं गल्लीभर सांगत फिरला होता तो अमरसिंहच.

"साहेब, हा दगड काल नव्हता," संघप्रिया पुढं येऊन म्हणाली.

"तू गप बस. तुमच्यात देव न्हाईत, तुला काय कळतंय त्यातलं?"

कुणीतरी हसलं. अमरसिंहनं तोंडातला मावा एका गालात सारला आणि शालूबाईंकडं बोट केलं.

"ह्यास्नी विचारा. ह्यांच्या शब्दाम्होरं गल्लीत कोण जात न्हाय. काकी, हितं तुम्ही रोज दिवा लावताय का न्हाय?"

विचारताना त्याच्या ओठाच्या कडेला लाल थुंकी आली होती. पिंपळाला पाणी घातल्याशिवाय शालूबाई तोंड उघडत नाहीत, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. एकोणीस वर्षांचा नेम. तापानं फणफणल्या तरी चुकला नव्हता.

"खरं का, काकी?" अतुलनं विचारलं.

शालूबाईंची नजर हातातल्या तांब्याकडं गेली.

"बगा! न्हाय म्हणाल्या का? लिवा तसं कागदावर."

अतुलनं पेनाचं टोपण काढलं.

शालूबाईंनी दगडाकडं नीट पाहिलं. शेंदराखाली उजवा कोपरा फुटका होता. व्यायामाला पाहिजे म्हणून काल तालमीतले दोघं त्यांच्या परसातून दगड उचलून घेऊन गेले होते.

"माझा धुण्याचा दगड हाय ह्यो."

आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"सासूबाई तीन वर्सं अंथरुणात होत्या. त्यांची भरलेली दुपटी धुतलीत मी ह्याच्यावर. काल तुझीच माणसं घेऊन गेली, अमर. आणि त्याला शेंदूर फासलास?"

"काकी, नेम मोडला की वो तुमचा!" अमरसिंह कळवळून म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "थांब, थांब, ऐकू येईना, रेंज न्हाय हितं," असं ओरडत तो रस्त्याच्या मधोमध पळाला.

अतुलनं टोपण लावलं आणि शिडीवरच्या माणसाला डबा वर घ्यायची खूण केली.

शालूबाई खाली बसल्या. हार काढून बाजूला ठेवला. तांब्यातलं पाणी दगडावर ओतलं आणि तळव्यानं घासू लागल्या. तेलातला शेंदूर निघेना. हात मनगटापर्यंत लाल झाला. संघप्रिया घरातून साबणाची वडी आणि बादली घेऊन आली, त्यांच्या शेजारी बसून तीही घासू लागली.

नव्या देवाची बातमी ऐकून पलीकडच्या गल्लीतल्या धोंडुबाई नारळ घेऊन आल्या. दगडावर वाकलेल्या दोघी त्यांना पाठमोऱ्या दिसल्या.

"अगबाई, अभिषेक चाललाय व्हय?" म्हणत त्यांनी चपला बाजूला काढल्या आणि हात जोडले.