पालकांस पत्र

आदरणीय सी मोहा, सलाम. तुमची मुलगी तूदा हिने आज पाहुण्यांसमोर

"उस्ताद, थांबा ना."

अल्लाल उस्तादांनी मान वर केली. वर्ग रिकामा झाला होता. नऊ वर्षांची तूदा टेबलाशी उभी होती. दप्तर पाठीवर, दोन्ही तळहात पुढे.

"हे काय?"

"मारा. पाच मारा, दहा मारा. पण पत्र नको."

"मी मुलांना मारत नाही, तूदा."

हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज नेहमी जरा ताठ व्हायचा. कायदा येण्याआधीच त्यांनी आपली छडी वर्गाच्या शेगडीत घातली होती. अख्ख्या अझरू गावात पहिली.

"बाबा म्हणतात, तुम्ही मारत नाही म्हणून त्यांना मारावं लागतं. लाकडाच्या वखारीतून दमून आल्यावर. म्हणतात, मी उस्तादाला पहिल्या दिवशीच सांगून आलो होतो, तू मार, मेली तर मी पुरतो. पण तो नुसतं लिहीत बसतो."

"हात खाली घे आधी."

तिने घेतले नाहीत.

सकाळी तपासनीस आले होते. त्यांनी वर्गाला विचारलं, "इथे कुणी मारतं का रे?" चाळीस मुलं ओरडली, "नाही!" तूदाने हात वर केला. "इथे पत्र देतात, साहेब. मार घरी असतो." वर्ग हसला. तपासनीसही हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत. उद्या सकाळी बापाच्या अंगठ्यासह पत्र त्यांच्या टेबलावर यायला हवं होतं.

उस्तादांनी नवा कागद घेतला.

आदरणीय सी मोहा, सलाम. प्रथम हे सांगतो की तूदा अत्यंत हुशार मुलगी असून तिच्या मनात कोणताही वाईट हेतू नव्हता. ती खोटं बोलली असंही मी म्हणणार नाही. तथापि

"वाढवू नका ना, उस्ताद!"

"अगं वेडे, चांगलं लिहितोय तुझ्याबद्दल."

"चांगलं नको. थोडं लिहा."

"का?"

तूदाने हात खाली घेतले. गणित समजावून सांगावं तसं सांगू लागली.

"बाबांना वाचता येत नाही ना. मी वाचते. एक ओळ झाली की ते म्हणतात, थांब. मग नळी. मग म्हणतात, हं, पुढे."

"दर ओळीला?"

"ओळ संपली की."

"कसली नळी?"

"अंगणातली. पाण्याची."

उस्तादांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच, दाराकडे बघत, म्हणाले, "मग दोन-चार ओळी गाळायच्या. त्यांना काय कळणार आहे?"

"बोट ठेवून वाचायला लावतात. आधीच मोजून ठेवतात. मोजता येतं त्यांना."

बाहेर अंगणात मुख्याध्यापकांची मोटार अजून उभी होती.

"मागच्या पत्रात मी..." उस्तादांनी घसा साफ केला. "मागच्या पत्रात मी स्पष्ट लिहिलं होतं. मारू नका म्हणून. प्रेमाने समजवा म्हणून."

"हो. चौदाव्या ओळीत."

"मग?"

"मग एक कोरी होती. ती सोडली बाबांनी. मग तुमचं नाव." ती किंचित हसली, जणू त्यांना वाईट वाटू नये म्हणून. "नाव पण ओळच धरतात."

उस्तादांनी दोन्ही कागद फाडले. तिसरा समोर ओढला. मग त्यांनी तो आडवा फिरवला, चष्मा वर सरकवला आणि मुंगीएवढ्या अक्षरांत लिहायला सुरुवात केली.

तूदा टेबलावर वाकली. तिने कागदाच्या अगदी टोकाला बोट टेकवलं.

"इथून, उस्ताद. इथे अजून जागा आहे."