खटका मिळणार नाही
बंदुका बनवणाऱ्या कंपनीला ग्राहकाच्या जिवापेक्षा मोठं काहीच नव्हतं. म्हणून बंदुकीचा चाप अडवून धरणारा सेफ्टीचा खटका ती ग्राहकाला विकतच नसे. पेनसिल्व्हेनियातल्या वेंडेलचा नेमका तोच झिजला, तोही हिवाळ्यातला शिकारीचा हंगाम तोंडावर असताना. “तुम्ही चुकीचा बसवलात तर गोळी सुटेल ना, काका,” कंपनीची फोनवरची मुलगी म्हणाली. “बंदूक कारखान्यात पाठवा. उन्हाळ्यापर्यंत मिळेल.” “आणि चाप हवा असेल तर?” “तो आजच पाठवते की!” वेंडेलनं फोन आपटला. “खड्ड्यात गेला खटका. मी बंदूक अशीच घेऊन येतो.” “मग मचाणावर एकटेच बसा, बाबा,” लेक लोर्ना म्हणाली. “मला दोन्ही पाय लागतात.” शेवटी बापलेकीत तह झाला. हंगामाच्या पहिल्या दिवशी शाळेला सुट्टी देऊन अख्खं गाव रानात शिरलं. भलंमोठं हरीण मचाणाखाली आलं, निवांत चरलं आणि निघून गेलं. तहाप्रमाणे गोळ्या शेजारी बसलेल्या लोर्नाच्या खिशात होत्या.